अमेरिकेत काळ्या ज्येष्ठांची झोप गोऱ्यांपेक्षा खराब का असते? हे वांशिकच असावं का?

"वांशिकच असावं" वाचलं आणि राहवलं नाही. शिकागोत स्लीप टेक्निशियन म्हणून, म्हणजे झोपलेल्या माणसांची रात्रभर तपासणी करायला, अकरा वर्षं रात्रपाळी करतेय.

एकदा सत्तरीच्या एक काळ्या आजी आल्या, जन्मभर सिटी बस चालवलेल्या. डोकंभर बारीक वेण्या. माझा सहकारी त्यांच्यादेखत पुटपुटला, "सोडून यायच्या ना." मी कंगव्याच्या शेपटीने वेण्यांमधली कातडी मोकळी करत तपासणीची एकेक वायर पेस्टने डोक्याला चिकटवली. पाऊण तास गेला. म्हणाल्या, "मागच्या ठिकाणी ओढाओढ केली, मी उठून घरी गेले." रात्री दीडला पडद्यावर श्वासाची रेघ सपाट. चाळीस सेकंद! मग धडपडून एक घोरणं, की पुन्हा सपाट. तासाला 38 वेळा. सकाळी विचारलं तर, "छान झोपले. घोरायचं काय, आमच्यात सगळेच घोरतात."

त्रास रक्तात शोधण्याआधी तो तपासला कुणी, ते बघा. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये 852 काळ्या लोकांची घरी तपासणी झाली, 2018 साली छापून आली. 24 टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं), आणि त्यांतल्या 95 टक्क्यांना डॉक्टरांनी कधी सांगितलेलंच नव्हतं. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. वर आयुष्यभराच्या रात्रपाळ्या, खिडकीखालचे सायरन, ब्लडप्रेशर. यात वंश कुठे आला?

आमचा दादाही असाच, तपासण्याआधीच कारण ठरवणारा. आई दिवसा वाटी हातात धरून पेंगायची. मी पुण्याला फोन करून सांगत होते, तपासणी कर. तो म्हणे, "वयोमानाने होतंच, तुझी अमेरिका तुझ्यापाशी ठेव." रात्री झोपेची गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. म्हाताऱ्या माणसाला घरच्या घरी गोळी देऊ नका. आधी रात्री शेजारी बसून श्वास अडकतो का ते बघा, मग डॉक्टरकडे न्या.

हां, शरीराचा भाग अगदीच नसतो असं नाही. अमेरिकेतल्याच मेसा नावाच्या मोठ्या अभ्यासात वजनाचा हिशेब धरल्यावर चिनी वंशाच्या लोकांतही ॲप्निया गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला. जबड्याची ठेवण हे त्याचं एक कारण मानतात. तेव्हा बारीक माणसालाही होतो. आईचं वजन 48 किलो होतं. "एवढीशी बाई कशाला घोरेल," हेही दादाचंच.