लवकर आलेल्यांवरून वाद घालताना

‘बिटकॉइनवाल्या पहिल्या मंडळींना फुकटचं घबाड मिळालं’ असं कुणी म्हणालं की लगेच अंगावर जाऊ नकोस. त्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०१२ पर्यंत संगणक चालवून व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा (ब्लॉक) जोडणाऱ्याला दर ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळत. अगदी सुरुवातीला तर घरच्या साध्या संगणकावर. हे आधी मोकळेपणानं मान्य कर, मग त्यांनी घेतलेल्या जोखमीकडे वळ. २२ मे २०१० ला लास्लो हान्येच या प्रोग्रामरनं दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले, कारण तेव्हा त्यांची किंमतच तेवढी होती! २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे बिटकॉइन खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज बुडालं, कित्येकांची नाणी गेली. समोरच्याला ‘जळतोस’ मात्र म्हणू नकोस. त्या शब्दानं चांगल्या चर्चा मोडलेल्या मी पाहिल्यात. आणि तुझ्याकडे नाणी असतील, तर पहिल्याच वाक्यात सांग.