भाताच्या तुसाच्या राखेवर रंग शोषला जाताना मांडवी नदीच्या पाण्यात घोळ का होतो?

तुम्ही लिहिलंय की डिस्टिल्ड पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग राखेवर छान बसतो, पण पणजीच्या जेटीवरून आणलेल्या पाण्यात निम्माही बसत नाही. राखेचा दोष नाही, पाणी खारं आहे.

तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका. साधारण उदासीन पीएचला (पाणी आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा वेळी) तिच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून ओढ. एप्रिल-मेमध्ये मांडवीत समुद्राचं पाणी बरंच आत शिरतं. त्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे आयन (भारित कण) हेही धनभारित, म्हणून राखेवरच्या त्याच जागांसाठी भांडतात. दोन भारांचे आयन, म्हणजे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, जास्त दांडगट.

आता गंमत बघा. रंग बदलून काँगो रेड घ्या. तो ऋणभारित, राख त्याला एरवी ढकलते. तिथे कॅल्शियम मधे पूल बनतो आणि शोषण उलट वाढू शकतं. म्हणजे 'धातूचे आयन शोषण कमी करतात' हे सरसकट विधान चुकीचंच.

गोव्यातल्या डिचोलीकडचं लोहयुक्त पाणी वापरणार असाल तर जपून: राखेने पीएच चढला की लोहाचा तांबूस गाळ बसतो, आणि तोही थोडा रंग धरतो. म्हणून राख न घालता, पण पीएच तेवढाच चढवून, एक बाटली हलवून बघा. आणि पीएच शेवटीही मोजा, फक्त सुरुवातीला नको.