‘शांताराम’ खरी गोष्ट आहे का? नऊशे पानांची कादंबरी वाचावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सची ‘शांताराम’ खरोखर घडलेली आहे का, आणि एवढी जाड कादंबरी हातात घ्यावी का. मी ती पुण्यात, ऐन पावसाळ्यात वाचली. वाचा, असंच सांगेन. पण सगळी पानं सारख्याच जिवानं लिहिलेली नाहीत.

आधी खरं-खोटं. लेखकाच्या आयुष्याचा सांगाडा खरा आहे. संसार मोडला, मुलगी दुरावली, हेरॉइनचं व्यसन लागलं, त्यासाठी खोटं पिस्तूल दाखवून दरोडे घातले. 1978 साली त्याला 19 वर्षांची शिक्षा झाली. 1980 मध्ये मेलबर्नच्या पेन्ट्रिज तुरुंगातून तो भर दिवसा भिंत ओलांडून पळाला आणि पुढे मुंबईत राहिला. 1990 साली जर्मनीत फ्रँकफर्टला पकडला गेला आणि उरलेली शिक्षा भोगायला ऑस्ट्रेलियाला परतला. कादंबरी 2003 साली आली. तुरुंगातल्या पहारेकऱ्यांनी हस्तलिखित दोनदा नष्ट केलं, असं तो सांगतो. मात्र पात्रं आणि संवाद आपण रचलेले आहेत, हेही त्यानंच सांगितलंय. म्हणून कादंबरीतला माफियाचा म्होरक्या खादरभाई कोण, नायक जिच्या प्रेमात पडतो ती कार्ला कोण हे शोधत बसू नका, कादंबरी म्हणूनच वाचा.

माझ्यासाठी या पुस्तकाचं खरं मोल सुंदर नावाच्या गावात आहे. मुंबईत भेटलेला वाटाड्या प्रभाकर लिनला, म्हणजे कादंबरीतल्या गोऱ्या नायकाला, आपल्या गावी नेतो आणि तो तिथं सहा महिने राहतो. खिशात खोटा पासपोर्ट, मागे दोन देशांचे पोलीस लागू शकतात अशी स्थिती, आणि ज्या घरात तो जेवतो त्यांना यातलं काही माहीत नाही. तरी ते त्याला घरातला धरतात. त्याचा स्वभाव शांत आहे असं ठरवून प्रभाकरची आई त्याला शांताराम करून टाकते. कागद मागितला नाही, जामीन मागितला नाही. खेड्यातून आलेल्या कुठल्याही मराठी घराला हे ओळखीचं वाटेल, आणि परक्या माणसानं ते इतक्या कृतज्ञतेनं टिपलेलं वाचताना मला भरून आलं.

त्यातच पुराचा प्रसंग आहे. नदी चढायला लागते, हा घाबरतो, सगळ्यांना हलवायला हवं म्हणून जीव तोडून सांगतो. गावकरी मात्र शांत. पाणी कुठवर येईल याच्या खुणेच्या काठ्या त्यांनी आधीच रोवल्या आहेत, तो त्यांचा दरवर्षीचा खेळ आहे. इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आमचं घर नारायण पेठेतलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आजीचा सगळा संसार वाहून गेला. पाणी बघायला लोक पुलांवर उभे होते, असं ती सांगायची. त्यामुळे पुराकडे हसत बघणारी माणसं मला आधी पटेनात. मग लक्षात आलं की सुंदरच्या लोकांना आपली नदी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मुठेला आलेला तो लोंढा नदीचा नव्हताच, फुटलेल्या धरणाचा होता. रॉबर्ट्स असलं काही समजावत बसत नाही. तो फक्त स्वतःची घाबरगुंडी आणि त्यांचा निवांतपणा शेजारी ठेवतो.

झोपडपट्टीचा भागही असाच कसदार आहे. पैसे लुटले गेल्यावर तो कफ परेडजवळच्या वस्तीत राहायला येतो. आग लागते, तो भाजलेल्यांवर उपचार करतो आणि त्यातूनच त्याचा दवाखाना सुरू होतो. औषधं कुष्ठरोग्यांकडून येतात. कॉलऱ्याच्या साथीची पानं तर सोडूच नका. वस्तीतले तंटे तिथला प्रमुख कासिम अली ज्या रीतीनं सोडवतो, ते मला टोळीयुद्धाच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातला छळ वाचवत नाही, पण तो वाचायला हवा. पुढचा माफियाचा धंदा आणि अफगाणिस्तानातलं युद्ध मात्र मला लांबल्यासारखं वाटलं. लिओपोल्ड कॅफेत बसलेली मंडळी तर प्रत्येक वाक्य सुविचार असल्यासारखी बोलतात. ते मी भराभर उलटलं.

आणि एक गोष्ट मला अजून टोचते. दरोड्यांच्या वेळी पिस्तूल खोटं होतं, पण काउंटरमागच्या माणसांना ते कुठं माहीत होतं? प्रभाकरच्या आईसाठी या लेखकाकडे कितीतरी पानं आहेत. त्या माणसांची भीती मला त्या मानानं फारच थोडी दिसली. पश्चात्ताप आहे, पण तो बराचसा स्वतःच्या जखमेभोवती फिरतो. तरीही त्याच्यावर राग धरून पुस्तक टाकून द्यावं, असं मला एकदाही वाटलं नाही.

इंग्रजी जड जात असेल तर अपर्णा वेळणकरांचा मराठी अनुवाद आहे, तो घ्या. गाव आणि वस्ती होईपर्यंत घाई करू नका. त्यानंतर कंटाळा आला तर खुशाल पानं गाळत पुढे जा.