वाचकांचे प्रश्न : घरकुलाला पैसा लागतो, पण आधी जमीन

प्रश्न : आम्ही जळगावच्या डाळमिलांत काम करणारे 120 जण. गृहनिर्माण संस्था काढून शहरालगतच्या तीन एकर शेतजमिनीचे साठेखत केले आहे. पंतप्रधान आवास योजनेतून घरामागे अडीच लाख मिळतात असे कळले. बाकीची रक्कम कशी उभी करावी?
– संस्थेचे सचिव, जळगाव

उत्तर : रकमेचे नंतर बघू, आधी जमिनीचे. साठेखत म्हणजे विक्रीचा करार, मालकी नव्हे. बँक ते तारण धरणार नाही. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. जमिनीचा तो गट शहराच्या विकास आराखड्यात रहिवास विभागात असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून जमीन कोणत्या विभागात पडते ते सांगणारा झोन दाखला नगररचना कार्यालयातून काढा, आणि तो हाती पडेपर्यंत मालकाला पुढचा पैसा देऊ नका. दाखल्यावर हरित पट्टा, म्हणजे शेतीसाठी राखलेला भाग निघाला, तर जमीन एवढी स्वस्त का मिळाली तेही कळेल.

तीन एकर म्हणजे सुमारे 12,140 चौरस मीटर. 10 टक्के खुली जागा आणि रस्त्यांना 25 ते 30 टक्के सोडले की माणशी जेमतेम 60 चौरस मीटरचा प्लॉट पडतो. बैठ्या घराला तेवढा पुरतो. प्लॉट ज्याच्या त्याच्या नावावर झाला, तर स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकातून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. इमारत बांधायची तर भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांच्या घटकात जावे लागते. अनुदान तेवढेच, पण अख्खा प्रकल्प महापालिकेमार्फत राज्याकडून मंजूर करून आणावा लागतो. 120 जणांच्या संस्थेला पहिला मार्ग सोपा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवे आणि देशात कुठेही पक्के घर नको.

आता हिशेब. 30 चौरस मीटर चटईक्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) घराचे बांधकाम भिंती धरून सुमारे 410 चौरस फूट होते. फुटाला 1,800 रुपये धरले तर 7.4 लाख. रस्ते, गटार, पाणी, वीज यांचा वाटा 70 हजार धरा. एकूण 8.1 लाख, जमीन वेगळी. हे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या अभियंत्याकडून तपासून घ्या. अनुदान वजा जाता 5.6 लाख उरतात. त्यातला एक लाख स्वतःचा, बाकी 4.6 लाख कर्ज. 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण 4,140 रुपये बसतो.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. पहिले ठिकाण पाया. आपल्याकडची कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साधा पाया टाकला तर दोन-तीन वर्षांत भिंती तडकतात. काळी काढून मुरूम भरावा लागतो, किंवा खाली फुगीर बूड असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात. मातीची चाचणी न करता अंदाजपत्रक केले, की निम्मा पैसा जोत्यातच जिरतो.

दुसरे, अनुदान मागून येते आणि खर्च आधी लागतो. केंद्राचा वाटा 40, 40 आणि 20 टक्क्यांच्या हप्त्यांत सुटतो. कामाचा फोटो अक्षांश-रेखांशासह ऑनलाइन चढल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. म्हणून जोत्यापुरता पैसा स्वतःच्या बचतीतून किंवा कर्जातून हाताशी ठेवूनच कुदळ मारा.

कर्जाची खरी अडचण व्याज नव्हे, उत्पन्नाचा पुरावा. मजुरी रोखीत घेणाऱ्याला बँक दारातूनच परत पाठवते. आजपासून मजुरी खात्यात जमा करून घ्या. बारा महिन्यांचे पासबुक आणि मिलमालकाचे पत्र जोडले की अर्जाला वजन येते. कमी उत्पन्न गटाच्या छोट्या गृहकर्जांसाठी, ती बुडाल्यास बँकेला भरपाई देणारा केंद्राचा हमी निधी आहे. तुमची बँक त्यात आहे का, हे व्यवस्थापकांना थेट विचारा.

प्रश्न : महापालिकेने स्वतःच कर्ज काढून गरिबांसाठी घरे का बांधू नयेत?
– एक माजी नगरसेवक, धुळे

उत्तर : शेजारच्या जळगावने ते करून पाहिले आहे. तेव्हाच्या नगरपालिकेने हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे कर्ज काढून 11 हजारांहून अधिक घरांची योजना आखली. त्यातली बहुतेक उभीच राहिली नाहीत. त्या प्रकरणात 2019 मध्ये धुळ्याच्याच विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. निकालाविरुद्ध अपिले झाली. जमिनीची कागदपत्रे पुरी नसताना काम काढणे आणि ठेकेदाराला दिलेली बिनव्याजी उचल, हे मुख्य आक्षेप होते. न्यायालयाचे न्यायालय बघेल. पैशाच्या बाजूने पाहिले तर घर पुरे होवो न होवो, कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि शेवटी तो घरपट्टी भरणाऱ्याच्या माथी येतो.

धुळ्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाख. एवढ्या शहरांसाठी राष्ट्रीय आवास बँकेमार्फत नागरी पायाभूत सुविधा विकास निधीचे स्वस्त कर्ज राज्याला मिळते. त्यातून घरे बांधता येत नाहीत. पाणीपुरवठा, मलनिस्सारण मात्र करता येते. तेव्हा महापालिकेने जमीन द्यावी, मोठ्या वाहिन्या या निधीतून टाकाव्यात आणि घराचा पैसा लाभार्थ्याचे कर्ज व अनुदान यांतून यावा. 200 घरांचा प्रकल्प असेल, तर किमान 160 जणांची कर्जमंजुरीपत्रे हाती आल्याशिवाय कार्यादेश काढू नये, असे आमचे मत. नुसत्या अर्जांच्या गठ्ठ्यावर विसंबू नका. अर्ज करणारा पुष्कळदा पहिला हप्ता मागताच गळतो. ठेकेदाराला मोजमाप झालेल्या कामाचेच बिल द्या, आणि उचल द्यावीच लागली तर बँक हमी घेऊन.

प्रश्न : वार्षिक उत्पन्न 7 लाख. भुसावळात 30 लाखांचा फ्लॅट बघितला आहे. व्याजात सवलत मिळेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : स्वतःचे पक्के घर नसेल तर पंतप्रधान आवास योजनेतून मिळू शकते. उत्पन्नाची मर्यादा 9 लाख, घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवे. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत धरली जाते. ती जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. बांधकाम चालू असलेल्या अशा फ्लॅटवर जीएसटी 1 टक्का आहे, चटईक्षेत्र 90 चौरस मीटरच्या आत असले तर. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. आणि मध्येच मोठी रक्कम भरून मुद्दल निम्म्याखाली आणलेत, तर सवलतीचे उरलेले हप्ते बुडतात.