सामान साठवणाऱ्यांच्या घरी पहिल्यांदा जाताना

ताई, घरभर सामान साठवून ठेवणाऱ्या कसबा पेठेतल्या आजोबांकडे पहिल्यांदा कसं जायचं, असं तुम्ही विचारलंत. त्यांच्या घरी पहिल्या भेटीत काहीही आवरू नका. वस्तूला हात लावण्याआधी विचारा. ‘कचरा’, ‘भंगार’ हे शब्द तोंडात आणू नका. ते ज्याला ‘माझी कात्रणं’ म्हणतात, त्याला तुम्हीही कात्रणंच म्हणा.

नवीन कार्यकर्त्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आजोबांच्या मुलांच्या आग्रहाखातर, आजोबा बाहेर गेलेले बघून रद्दीवाल्याला बोलावणं. घर चार दिवस मोकळं दिसतं. पण विश्वास जातो, पुढच्या वेळी दार उघडत नाही आणि साठवण पुन्हा वाढते. असं साठवत राहणं हा आळस नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून हा स्वतंत्र आजार मानला आहे. वस्तू टाकताना या माणसांना खरोखर यातना होतात.

सुरुवातीला फक्त सुरक्षितता बघा:

- दारापासून पलंग आणि संडासापर्यंत चालायला वाट
- गॅसच्या शेगडीजवळ कागद-कपडे नकोत
- अंगावर कोसळेल असा ढीग नको

जुन्या वाड्यात लाकूड भरपूर, म्हणून मी आधी शेगडीजवळची जागा बघते. एका भेटीत एकच कोपरा घ्या; काय ठेवायचं ते आजोबाच ठरवतील. एक पिशवी निघाली तरी मनापासून कौतुक करा.

उपचारांचा विषय ओळख झाल्यावर काढा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आगीचा धोका दिसला, तर मात्र त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा.