विंडोजसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा कोड दुसऱ्याने उघडून वापरू नये, यासाठी काय करता येते?

आपण जे विचारले आहे ते थोडक्यात असे आहे. आपण निपाणीत अडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून तयार केले आणि काही दुकानांत बसवून दिले. आता तेच सॉफ्टवेअर नाव बदलून चिकोडीतल्या एका दुकानात चाललेले आपल्याला दिसले. तेव्हा ऑब्फस्केटर (तयार कोड वाचायला अवघड करून ठेवणारे साधन) विकत घ्यावा, की सगळे सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहावे, असा आपला प्रश्न आहे. मी गेली सतरा वर्षे बेळगावात हेच काम करतो. रविवार पेठेतले घाऊक व्यापारी आणि उद्यमबागेतल्या काही फौंड्र्या हे माझे ग्राहक आहेत. माझ्या सॉफ्टवेअरचीही अशीच नक्कल झाली होती, म्हणून अनुभवातून आलेले तेवढेच लिहितो.

सर्वप्रथम नेमके काय चोरीला गेले ते ठरवावे लागेल. कुणी आपली सेटअप फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर चालवली, कुणी परवान्याची तपासणी काढून टाकून नाव बदलले, की कुणाच्या हाती मूळ सोर्स कोडच लागला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली किंवा दुसरी गोष्ट घडते. सोर्स कोड बाहेर गेला असेल तर तो सहसा आपल्याच जुन्या लॅपटॉपमधून किंवा मदतीला घेतलेल्या मुलाकडून गेलेला असतो, आणि तिथे कोणताही ऑब्फस्केटर कामाचा नाही.

आपली ईएक्सई फाइल किती उघडी आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आयएलस्पाय हे तयार फाइलमधून कोड परत वाचून दाखवणारे मोफत साधन उतरवून घ्या आणि त्यात आपलीच फाइल उघडा. सी शार्पचा कंपायलर थेट प्रोसेसरची भाषा तयार करत नाही. तो एक मधली भाषा तयार करतो, आणि तिच्यासोबत प्रत्येक क्लासचे, मेथडचे (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे) व फील्डचे नाव फाइलमध्ये तसेच राहते. कोडमधल्या टिपा आणि मेथडच्या आतल्या व्हेरिएबलची नावे तेवढी जातात. बाकी सगळे वाचण्याजोग्या सी शार्पमध्ये परत मिळते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परवाना तपासा’ अशा अर्थाच्या नावाची एकच मेथड होती आणि ती हो किंवा नाही एवढेच उत्तर देत असे. ज्याने नक्कल केली त्याने त्या मेथडचा सगळा मजकूर काढून तिथे दोनच सूचना ठेवल्या: ‘एक हा आकडा घे’ आणि ‘परत जा’. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ते दोन बाइट म्हणजे १७ आणि २ए. माझी तीन आठवड्यांची मेहनत त्या दोन बाइटांनी निकामी केली. दोष मेथडच्या नावाचा नव्हता, सगळा निर्णय एका ठिकाणी आणि हो-नाही अशा रूपात ठेवल्याचा होता.

सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहिण्याने हे संकट टळत नाही. तो कोड वाचायला कठीण असतो हे खरे, परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ च्या मार्चमध्ये घिड्रा हे तयार प्रोग्रॅम उलगडून वाचण्याचे साधन मोफत खुले केल्यापासून तो उलगडण्याचा खर्चही उरलेला नाही. शिवाय तपासणी तोडणाऱ्याला सगळा कोड समजून घ्यायचाच नसतो. त्याला फक्त ज्या ठिकाणी वाट फुटते ते ठिकाण हवे असते, आणि तिथे ७४ हा एक बाइट बदलून ईबी केला की अटीवरची उडी बिनशर्त होते. वर्षभर खपून चालते सॉफ्टवेअर नव्याने लिहाल, त्यात नव्या चुका येतील, आणि ग्राहकाच्या हाती काहीही जास्तीचे पडणार नाही. हा मार्ग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑब्फस्केटर मात्र मी वापरतो. त्याची मर्यादा ओळखून वापरतो. तो नावे पुसतो, मजकूर झाकतो, कोडचा प्रवाह गुंतागुंतीचा करतो. त्याने सहज उत्सुकतेने पाहणारा माणूस थांबतो. चिकाटीने बसलेला थांबत नाही, कारण डीफोरडॉटसारखी साधने बऱ्याच ऑब्फस्केटरांचे काम उलटवतात. त्याचा त्रास आपल्याला कुठे होईल हे आधीच सांगून ठेवतो. विंडोज फॉर्म्समधल्या ग्रिडचे, म्हणजे पडद्यावरच्या तक्त्याचे, रकाने प्रॉपर्टीच्या नावाने जोडलेले असतात. ते नाव बदलले की ग्रिड उघडतो पण रकाने कोरे दिसतात. एक्सएमएलमध्ये साठवलेली सेटिंग्जही नावांवरच चालतात. मी पहिल्यांदा ऑब्फस्केटर चालवला तेव्हा नवी आवृत्ती बसवताच एका ग्राहकाची प्रिंटरची, करांची आणि बिल क्रमांकाची सगळी सेटिंग्ज वाचता येईनाशी झाली आणि बिलाचा क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाला. ग्रिडला जोडलेले आणि साठवले जाणारे क्लास नाव बदलण्यातून वगळावेत. प्रत्येक आवृत्तीसोबत तयार होणारी जुन्या-नव्या नावांची यादी जपून ठेवावी, नाहीतर ग्राहकाने पाठवलेल्या एररमध्ये ‘ए’, ‘बी’, ‘सी’ यापलीकडे काही वाचता येणार नाही. फाइल पूर्ण गुंडाळून टाकणारे पॅकर मी सोडून दिले, कारण अँटिव्हायरस त्यांना व्हायरस समजून फाइल काढून टाकतो.

आता परवान्याकडे येतो, कारण खरे काम तिथेच आहे. पुष्कळ जण संगणकाच्या क्रमांकावर एखादे गुप्त सूत्र चालवून किल्ली तयार करतात, आणि तेच सूत्र तपासणीसाठी सॉफ्टवेअरमध्येही ठेवतात. सूत्र एकदा दिसले की कुणीही हव्या तितक्या किल्ल्या बनवतो. त्याऐवजी डिजिटल सही वापरावी. शिक्क्याची छाप कुणालाही ओळखता येते, पण शिक्का ज्याच्या पेटीत आहे तोच ती उठवू शकतो. तसेच इथे खासगी किल्ली आपल्याकडे राहते आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त सार्वजनिक किल्ली जाते. आरएसए या सहीच्या प्रचलित पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीची सही २५६ बाइटांची असते, म्हणजे मजकुराच्या रूपात ३४४ अक्षरे होतात. ती फोनवर सांगता येत नाही, म्हणून परवाना फाइल करूनच पाठवावा. खासगी किल्ली रोजच्या कामाच्या संगणकावर ठेवू नये. दोन पेनड्राइव्हवर ठेवून ते दोन वेगळ्या घरांत ठेवावेत.

सहीने बनावट परवाने थांबतात. तपासणीच काढून टाकणे थांबत नाही. त्यासाठी मी जे केले त्याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. परवान्याच्या सही केलेल्या मजकुरातच दुकानाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक घातला, आणि बिलाच्या माथ्यावर छापले जाणारे नाव सेटिंग्जमधून न घेता तिथूनच घेतले. आपल्या सीमाभागात तर हा क्रमांक हिशेबातही लागतो. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. निपाणीच्या दुकानाने संकेश्वरला माल दिला तर केंद्र आणि राज्य असे दोन कर लागतात. तोच माल महाराष्ट्रातल्या कागलला पाठवला तर आयजीएसटी हा परराज्यातल्या विक्रीवरचा एकच कर लागतो. दुकानाचे राज्य मी परवान्यातूनच वाचतो. त्यामुळे परवाना ही हो-नाही विचारण्याची गोष्ट राहिली नाही, बिल तयार होण्याची सामग्री झाली. तपासणी कुणी काढली तरी चोरलेल्या प्रतीतून मूळ दुकानाच्याच नावाचे आणि क्रमांकाचे बिल निघते, आणि दुसऱ्याच्या जीएसटी क्रमांकाने बिल फाडण्याचे धाडस कोणताही व्यापारी करत नाही. हेही तोडता येते, पण कोड समजून घेऊन आठ-दहा ठिकाणी हात घालावा लागतो. दोन बाइटांत भागत नाही.

परवाना संगणकाशी बांधायचा असेल तर सावध राहा. मदरबोर्डचा अनुक्रमांक मी भरवशाचा मानत होतो. खडेबाजारातल्या दोन दुकानांचे परवाने एकमेकांकडे चालू लागले तेव्हा तपासले, तर स्थानिक जुळणी करून घेतलेल्या त्या दोन्ही संगणकांत अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढेच वाक्य होते. कारखान्यात तो रकाना कुणी भरलाच नव्हता. विंडोजची स्वतःची ओळख पुन्हा इन्स्टॉल केल्यावर बदलते, आणि डिस्कची प्रतिमा दुसऱ्या संगणकावर उतरवली तर तिच्यासोबत जाते. म्हणून चार खुणा घ्या, त्यांतल्या तीन जुळल्या तर पुरे समजा, आणि हार्ड डिस्क बदललेल्या ग्राहकाला नवा परवाना त्याच दिवशी द्या.

घड्याळाबाबतही असेच आहे. तारीख मागे नेऊन कुणी मुदत वाढवू नये म्हणून मी एक अट घातली होती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका घाऊक व्यापाऱ्यांचा फोन आला, “सर, बिल येईनाच झालंय की ओ, गिऱ्हाईक उभं आहे.” मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, वीज गेली-आली तशी तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती, आणि माझ्या सॉफ्टवेअरने पूर्ण पैसे भरलेल्या माणसाला चोर ठरवून दार लावून घेतले होते. त्या दिवसापासून माझे सॉफ्टवेअर कोणत्याही कारणाने बिल थांबवत नाही. शंका आली तर पंधरा दिवस सूचना दाखवते आणि नंतर फक्त अहवाल बंद करते. नक्कल करणाऱ्याला आपल्या अटी काढून टाकता येतात, त्यामुळे त्या शेवटी प्रामाणिक ग्राहकावरच चालतात, हे अट लिहिताना लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती आधी तपासा. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली ईएक्सईमध्ये लिहिलेली असेल, तर ती आजच जगजाहीर आहे असे समजा. आयएलस्पायमध्ये ती अवतरणचिन्हांत स्वच्छ दिसेल. प्रत्येक दुकानाला वेगळा पासवर्ड द्या, तो विंडोजमधल्या डेटा प्रोटेक्शन एपीआय या गुप्त मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीने झाकून ठेवा, आणि एसएमएसची किल्ली आपल्या सर्व्हरवर ठेवून सॉफ्टवेअरला फक्त त्या सर्व्हरशी बोलू द्या.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण नेमका कुठे हे पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर पुराव्याला बळ येते, आणि तिच्यासोबत सोर्स कोडची निदान पहिली दहा व शेवटची दहा पाने द्यावी लागतात. कलम ६३ब प्रमाणे नक्कल आहे हे जाणूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. संरक्षणाचे तांत्रिक उपाय हक्क मोडण्यासाठी तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ६५अ खाली गुन्हा आहे. मात्र कायदेशीर प्रत असलेल्याने दुसरे सॉफ्टवेअर जोडण्यासाठी किंवा त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी अभ्यास केला तर कलम ५२ त्याला मुभा देते. म्हणजे उघडून पाहिले एवढ्यावर तक्रार टिकेलच असे नाही. नक्कल आपल्याच कोडची आहे हे दाखवावे लागेल.

ते मला दाखवता आले, त्याला माझ्या हातची एक चूक कारण झाली. ‘अक्षरी रुपये’ या ओळीत रक्कम एक लाखाच्या पुढे गेली की ‘लाख’ या शब्दानंतर एका जागेऐवजी दोन जागा सुटत. दुसऱ्या नावाच्या त्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या छापील बिलावर, तीच ओळ, त्याच दोन जागा. ते बिल आणि माझ्या जुन्या आवृत्तीचे बिल शेजारी ठेवून वकिलांनी पत्र पाठवले, आणि पुढे ती विक्री बंद झाली. आपणही चिकोडीतल्या त्या दुकानाचे एक लाखाच्या वरचे आणि एक परराज्यातले बिल मिळवा आणि आपल्या बिलाशी ओळ-ओळ ताडून पाहा. नवी आवृत्ती काढण्याआधी जुन्या ईएक्सईची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून तारखेसह स्वतःलाच ईमेल करा, आणि सापडलेली चूक तेवढी त्यानंतर दुरुस्त करा.