वाड्यातला हिस्सा बिल्डरने घेतला, आता आजोबांचं घर वाचेल का?

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबांनी गोरगरिबांची मुलं स्वतःच्या खर्चाने ठेवून शिकवली. अजून लोक ते घर बघायला येतात. वाटप झालेलं नाही. चुलत भावाने आपला हिस्सा एका बिल्डरला विकला. बिल्डर म्हणतो, वाडा पाडणार. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीसही आली आहे. घराचं स्मारक व्हावं म्हणून माझा हिस्सा लगेच एखाद्या ट्रस्टला देऊ का?

उत्तर : ताई, आत्ता नको. शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी केलेल्या गावात असं घर पडू नये, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच घाई करू नका.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला तुमच्यासोबत ताबा मागता येत नाही. जबरदस्तीने शिरू लागला तर दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम घ्या. त्याच्यापुढे रस्ता एकच, वाटपाचा दावा. आणि त्याने तो लावला की विभाजन कायदा, १८९३ चं कलम ४ तुमच्या कामी येतं : कुटुंबातल्या हिस्सेदाराने ‘हा हिस्सा मी घेते’ असं सांगितलं, तर कोर्ट मूल्यांकन करून तो तिलाच विकायला लावतं. हा हक्क फक्त कुटुंबातल्यांचा. ट्रस्ट कुटुंबात मोडत नाही. हिस्सा आज तिकडे गेला तर हा हक्क तुम्ही स्वतःहून घालवाल. तेव्हा आधी पैशांची जुळणी, मग ट्रस्ट. घरात कुणी ना कुणी राहतं ठेवा.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पाडण्याप्रमाणेच दुरुस्तीचाही आदेश देता येतो. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून ‘आम्ही दुरुस्ती करतो’ असं कळवा.

वाडा हेरिटेज यादीत घ्यावा म्हणून आयुक्तांकडे अर्जही करा. यादीत आला तर पाडायला वेगळी परवानगी लागेल. मात्र त्याने मालकीचा वाद मिटत नाही.

स्मारकाची पाटी लावण्याआधी वापर बदलाची परवानगी बघा. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये राहिले ते घर राज्य सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तिथल्या संग्रहालयालाही स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली आणि परवानगी २०२० मध्ये मिळाली.

या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडून खरेदीखताची आणि नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढा. भावाने नेमका किती हिस्सा, केवढ्याला दिला, हे त्यातच कळेल.